कॅमेरावाल्या बाईंच्या सोबतचे सर

आमच्या शाळेच्या ऑफिसात एक बाई होत्या, त्यांना लाज नव्हती. आज हे मी कौतुकाने सांगतो. त्या शाळेत होत्या तेव्हा मात्र हेच वाक्य मी स्टाफरूममध्ये अगदी वाईट अर्थाने म्हणत असे आणि म्हणून झाल्यावर कुणी दुजोरा देतंय का ते बघत असे. कुणी देत नसे. बाई सगळ्यांना आवडायच्या. हेही मला आवडत नसे.

हुद्द्याने त्या कनिष्ठ लिपिक. दाखले, बोनाफाईड, शिष्यवृत्तीचे फॉर्म, जनरल रजिस्टर हे त्यांचं राज्य. उंची बेताची, केस पिकलेले आणि ते रंगवायचा विचारही न केलेले, साडीखाली पी.टी.च्या तासाला मुली घालतात तसले पांढरे कॅनव्हासचे बूट. शाळेत सगळ्याच शिक्षिका बाई, त्यामुळे ओळखू यावं म्हणून मुलं त्यांना 'कॅमेरावाल्या बाई' म्हणायची. त्यांना फोटोचा नाद होता. नाद मलाही होता. पण मला कुणी कॅमेरावाले सर म्हणत नव्हतं, कारण माझ्याकडे कॅमेरा आहे हे कुणाला माहीतच नव्हतं.

बाईंचा कॅमेरा म्हणजे प्रकरण होतं. डोळा लावायच्या जागचं रबर कधीच गळून गेलेलं, तिथे त्यांनी कुकरच्या जुन्या रिंगचा तुकडा चिकटवला होता. गळ्यातला पट्टा तुटल्यावर लूमवरच्या कापडाची किनार फाडून तिचा पट्टा केला होता. स्टँडचा एक पाय सुतळीने बांधलेला. "हा पाय कायम संपावर असतो," असं त्या म्हणायच्या. शिवाय बरोबर थर्माकोलचा एक मोठा चौकोनी तुकडा, सावलीतल्या तोंडावर उजेड पाडायला. तो विज्ञान प्रदर्शनातून उरलेला होता आणि त्याच्या मागच्या बाजूला ठळक अक्षरांत 'पचनसंस्था' असं लिहिलेलं होतं. हा सगळा संसार घेऊन त्या रविवारी सकाळी भिवंडीच्या रस्त्यांवरून खुशाल हिंडायच्या.

माझा कॅमेरा नवा होता. त्याला दोन लेन्स होत्या, आणि त्यातली मोठी लेन्स लावली की तो इतका भारदस्त दिसायचा की मला त्याचीच भीती वाटायची. घरात मी तो आरशासमोर गळ्यात घालून बघितला होता. बरा दिसत होतो. पण रस्त्यावर तो बाहेर काढायची वेळ आली की सगळं गाव हातातली कामं टाकून आपल्याकडेच बघतंय असं मला वाटायचं. आपण कोण मोठे लागून गेलो, असं मनात यायचं. त्यातून कुणी ओळखीचा भेटला आणि "काय सर, शूटिंग?" म्हणाला की संपलंच. म्हणून मी कॅमेरा भाजीच्या कापडी पिशवीत ठेवायचो आणि वर मेथीची जुडी. मेथीची माती लेन्सवर पडायची ती घरी येऊन पुसायची, हा माझा रविवारचा छंद. फोटो काढायचो ते आमच्या इमारतीच्या गच्चीवरून, कुणी नसताना. पाण्याच्या टाक्यांचे माझ्याकडे उत्तम फोटो आहेत.

त्या पहिल्यांदा रस्त्यावर दिसल्या त्या मंडईत. ऐन गर्दीच्या वेळी गल्लीच्या मधोमध स्टँड रोवून उभ्या होत्या. समोर एक म्हातारी लिंबं विकत होती, तिचा फोटो चालला होता. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. बाईंनी मागे न बघताच हात वर केला आणि रिक्षा थांबली. खरंच थांबली. मी केळ्यांच्या गाडीआड सरकलो, पण तोवर त्यांनी मला पाहिलं होतं.

"अहो सर! बरं झालं आलात. ही पिशवी धरा जरा."

त्यांची पिशवी मी धरली. माझी होतीच. दोन्ही हातांत दोन पिशव्या, त्यातल्या एकीत बाईंच्या कॅमेऱ्याहून चौपट चांगला कॅमेरा मेथीखाली गुदमरत पडलेला, आणि मी ओशाळवाणं हसत उभा. तेवढ्यात शेजारचा कांदेवाला तावातावाने आला. "ओ मॅडम, धंद्याचा टाइम आहे, कसला फोटो काढता? परमिशन आहे काय?" मला वाटलं, आता होणार भांडण. खरं सांगायचं तर व्हावं असंही वाटलं. बाईंनी थर्माकोल उचलला आणि त्याच्या हातात दिला.

"दादा, हे असं तिरकं धरा. अजून थोडं खाली. हां, आता आजींच्या तोंडावर उजेड आला बघा."

कांदेवाल्याने तो पाच मिनिटं धरला. हात दुखायला लागले तरी हलला नाही, उलट येणाऱ्याजाणाऱ्यांनाच "ओ, बाजूने जा, काम चाललंय" म्हणून दटावायला लागला. त्याच्या छातीवर 'पचनसंस्था' हा शब्द उलटा झाला होता. बाईंची ही रीतच होती. जो आक्षेप घ्यायला येईल त्याच्याच हातात थर्माकोल. "भांडायला येतो तो मन लावून धरतो," त्या म्हणायच्या, "कौतुक करणारा लगेच कंटाळतो." मी त्यांचं कौतुकही करत नव्हतो आणि भांडतही नव्हतो, म्हणून माझ्याकडे पिशवी आली असावी, आणि पुढेही रविवारी गाठ पडली की ती माझ्याचकडे येत राहिली.

त्यांचे असे बरेच नियम होते. लांबून फोटो काढायचा नाही. लांबून काढायचा तर कावळ्याचा काढावा. जिथे फोटो काढायचा तिथलं काहीतरी आधी खायचं. ज्याचा काढला त्याला छापून नेऊन द्यायचा. आणि मला एकदा, मी काही विचारलं नसताना, त्यांनी एक सल्ला दिला होता: "फार लाज वाटायला लागली ना सर, तर चपला काढून उभं राहायचं. पाय भाजायला लागले की लाज आठवत नाही." मला लाज वाटते हे त्यांना कुणी सांगितलं, या विचाराने मी दोन दिवस अस्वस्थ होतो.

मला त्यांचा हेवा वाटायचा. साधासुधा नाही, पोटात दुखेल असा. त्यांचे फोटो फार ग्रेट होते असंही नव्हे. सोमवारी त्या छापून आणलेले फोटो ऑफिसच्या टेबलावर पसरायच्या आणि सगळा स्टाफ गोळा व्हायचा. मीही जायचो, चुका शोधायला. चुका असायच्याच. कुठे हात कापलेला, कुठे उजेड जास्त. पण त्या फोटोंतली माणसं बघणाऱ्याकडे अशी बघायची, जणू आत्ताच काहीतरी सांगणार होती आणि आपण मध्ये आलो. माझ्या टाक्या कुणाकडेच बघत नव्हत्या. एकदा कोन गावाच्या रस्त्याचा एक फोटो होता, सायकलवर पेंढ्याचा भारा घेऊन जाणारी बाई. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "बाई, क्षितिज कलतंय तुमचं."

"कलतंय का?" त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "हो की. पण सर, तिथे रस्ताच कलता आहे हो."

सगळे हसले. मी पुढच्या रविवारी मुद्दाम कल्याण रस्त्याने कोनला जाऊन आलो. रस्ता कलताच होता.

मग एकदा मी ठरवलं की बास झालं, आपणही काढायचा. बाईंना वगळून, एकट्याने. शाळेमागे लूमची एक गल्ली आहे. दोन्ही बाजूंना यंत्रमागांचे कारखाने, दिवसभर खटखट, आणि मधून हातगाडीवर सूत गुंडाळलेले मोठाले बीम घेऊन जाणारे हमाल. दृश्य मला वर्षानुवर्षं पाठ होतं. मी विजेच्या खांबाआड उभा राहिलो, मेथी बाजूला केली आणि मोठी लेन्स लावून कॅमेरा फक्त अर्धा बाहेर काढला.

पहिला फोटो काढला आणि समोरच्या कारखान्याची खटखट थांबली. मला वाटलं योगायोग. मग शेजारचा कारखाना थांबला. मग त्याच्या पुढचा. एकेक करत सगळी गल्ली गप्प होत गेली, दोन शटर खाली आली आणि मी भिवंडीत आयुष्यात पहिल्यांदा त्या गल्लीत चिमण्यांचा आवाज ऐकला. पाच-सहा जण माझ्याभोवती जमले.

"साहब, मीटर चेक करने आए हो?"

"नाही, नाही."

"तो सर्वे का है? तोडने का नोटिस निकला है क्या?"

"अरे बाबा, मैं टीचर है," मी माझ्या हिंदीत म्हटलं.

त्यातला एक तरुण कारागीर, केसांवर कापसाचे बारीक तंतू चिकटलेले, माझ्याकडे निरखून बघत होता. त्याच्या आवाजात राग नव्हता, खरोखरचा प्रश्न होता. "टीचर हो, तो छुपके काहे को निकाल रहे हो?"

मी कॅमेरा पुन्हा मेथीखाली सरकवायला लागलो. तेवढ्यात मागून एक दाढीवाले चाचा पुढे आले आणि त्यांनी मला ओळखलं. "अरे जाने दो, जाने दो. ये तो इस्कूल के सर हैं. वो कॅमेरावाली मॅडम के साथ रहते हैं ना, थैली पकडके." सगळ्यांचे चेहरे एकदम सैल झाले. कुणीतरी चहा सांगितला. एकेक लूम पुन्हा सुरू झाला. चाचांनी विचारलं, "मॅडम कब आएंगी? मेरे पोते का फोटो देने बोली थीं."

मी तो चहा प्यायलो, पण कसा प्यायलो ते माझं मला माहीत. मार बसला असता तरी चाललं असतं. ज्यांच्यावर जळत होतो त्यांच्याच नावावर मी सुटलो होतो. मंगळवारी बाईंना हे कुणीतरी सांगितलं. त्या हसल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "गल्लीत शिरल्याबरोबर आधी चाचांकडे जायचं सर, चहा घ्यायचा आणि सांगायचं मी फोटो काढायला आलोय. मग ते स्वतःच हातगाडी थांबवतात." इतकं सोपं असतं का, असं मला विचारायचं होतं. विचारलं नाही.

आता आबांचं सांगतो. आबा म्हणजे माझे वडील. ते अंजूरला गावच्या घरी राहायचे आणि मी भिवंडीत फ्लॅटमध्ये. आमचं बोलणं म्हणजे गेल्यावर "आलास?" आणि निघताना "जातो". मधल्या वेळात आम्ही दोघे ओट्यावर बसून रस्त्याकडे बघायचो. भांडण कधी झालं नाही. मी शाळेत काय शिकवतो हे त्यांनी कधी विचारलं नाही, आणि त्यांनी चाळीस पावसाळे चिखलात उभं राहून काय केलं हे मी त्यांना विचारलं नाही.

आमच्या शेताच्या दोन्ही बाजूंना गोडाऊनं झाली होती, पत्र्याची, आकाश अडवणारी. मध्ये आमचं तेवढं भात. त्या वर्षी आम्हीही जमीन दिली. कापणी-झोडणी झाली की भराव पडणार होता. म्हणजे ते आबांचं शेवटचं भात आणि शेवटचं खळं. मला एकच गोष्ट हवी होती: खळ्यावर उभ्या असलेल्या आबांचा एक फोटो. एकच. पुढच्या वर्षी ना खळं असणार होतं, ना तिथे उभे असलेले आबा. कॅमेरा मी खरं तर त्यासाठीच घेतला होता, हे मी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

तीन रविवार मी पिशवी घेऊन अंजूरला गेलो. पहिल्या रविवारी अंदाज घ्यावा म्हणून नुसता मोबाईल वर केला, तर माझा चुलतभाऊ, जो शेजारच्याच गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे, तो भारे टाकता टाकता ओरडला, "काय मास्तर, पिच्चर काडतंस काय?" झोडणीला आलेल्या बायका फिदीफिदी हसल्या. मी मोबाईल खिशात टाकला. दुसऱ्या रविवारी पिशवीचं तोंडही सोडलं नाही. तिसऱ्या रविवारी मी स्वतःलाच एक चांगलं कारण दिलं: राशीचा फोटो काढू नये, नजर लागते. आमच्याकडे खळ्यावर भाताची रास घातली की तिच्याकडे कुणी टक लावून बघायचं नसतं, पायात काही घालून जवळ जायचं नसतं, आणि मोजताना कुणी बोलायचं नसतं. मग कॅमेरा कसा चालेल? कारण इतकं सोयीचं होतं की मला जवळजवळ पटलं.

बाई दर सोमवारी विचारायच्या, "आबांचा झाला का फोटो?" मी कधीतरी बोलून बसलो होतो. पहिल्या सोमवारी मी म्हटलं होईल, दुसऱ्या सोमवारी म्हटलं झाला. तिसऱ्या सोमवारी त्या म्हणाल्या, "मग दाखवा." मी म्हटलं, घरी आहे. त्या म्हणाल्या, "या रविवारी मी येते अंजूरला. मला खळं बघायचंय." नको म्हणायला मला काही सुचलं नाही. आतून मात्र मला नकोच होतं. आता तिथेही याच, असं वाटलं.

अंजूर फाट्यावरून आम्ही रिक्षाने गेलो. खळ्याच्या कडेला बाईंनी न सांगता बूट काढले. आबा रास सारखी करत होते, हातात सूप. बाई सरळ त्यांच्यापाशी गेल्या.

"आबा, मी सरांच्या शाळेतली. फोटो काढायला आलेय. काय काढायचं नाही, ते आधी सांगा."

मी थक्क झालो. हे विचारता येतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आबांनी सूप खाली ठेवलं आणि जरा विचार केला. त्यांना असं कुणी विचारलं नसावं. "मोजताना नको, बाय," ते म्हणाले. "मोजून झाल्यावर काड काय काडायचं ते. पन आदी बस. पानी पी."

चुलतभाऊ पुढे आलाच. "ओ बाय, राशीचा फोटू न्हाय काडायचा, नजर लागतं."

"मोजून झाल्यावरच काढणार आहे. तोवर हे धरा." थर्माकोल त्याच्या हातात गेला. तो चुपचाप उभा राहिला.

मोजणी सुरू झाली. आबांनी पूर्वेकडे तोंड करून पहिली पायली भरली, 'एक' म्हणायच्या जागी 'लाभ' म्हटलं, आणि मग दोन, तीन करत हलक्या आवाजात मोजत राहिले. बाई सगळा वेळ खळ्याच्या कडेला मांडी घालून, कॅमेऱ्यावर पदर टाकून गप्प बसल्या होत्या. इतक्या गप्प मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. रास मोजून पोती उभी राहिली. झोडणीच्या बायका, गडी, शेजारी असे दहा-बारा जण भोवती जमले. आबा उरलेल्या भातापाशी सूप धरून उभे राहिले. बाईंनी बसल्या बसल्याच कॅमेरा डोळ्याला लावला, दाबला, आणि काही झालं नाही. हलवला, फुंकर मारली, बॅटरी काढून पदराला पुसली. तो मेला होता.

"सर," त्या मागे वळून म्हणाल्या, "तुमचा काढा."

"माझा? कुठला माझा?"

"पिशवीतला. भाजीची पिशवी कुणी छातीशी धरतं का हो?"

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी पिशवी पुढे केली. त्यांनी हात घालून कॅमेरा बाहेर काढला, मोठ्या लेन्ससकट, आणि चुलतभाऊ थर्माकोलमागून ओरडला, "आरं, म्हंजी येवडे आयतवार ह्यो पिशवीत घालून हिंडतंस?" सगळे हसले. आबाही हसले असतील, मी बघितलं नाही.

आणि मग बाईंनी तो माझ्यापुढे धरला. हे मला नीट सांगायला हवं, कारण नंतर मी ते सांगायचं टाळलं. त्यांनी तो माझ्यापुढे धरला आणि सावकाश म्हणाल्या, "घ्या. तुमचे आबा, तुमचा कॅमेरा. तुम्हीच काढा."

दहा-बारा माणसं माझ्याकडे बघत होती. समोर आबा उभे होते. मी म्हटलं, "तुम्हीच काढा बाई. तुम्हाला सवय आहे."

त्यांनी कॅमेरा मागे घेतला. पुन्हा पुढे वळल्या आणि खालूनच फोटो काढायला लागल्या, तोंडाने नेहमीची बडबड करत. मी त्यांच्या मागे मान खाली घालून उभा राहिलो आणि आवाज ऐकत राहिलो. चार वेळा आवाज आला.

घरी येऊन मी आठवडाभर ते फोटो उघडले नाहीत. उघडले तेव्हा तीन बरे होते आणि चौथा तो होता. आबा सूप छातीशी धरून उभे, मागे भाताची पोती, आणि चेहऱ्यावर असं हसू, असं कोवळं, थोडं लाजरं, की मला खुर्चीत बसवेना. उभ्या जन्मात आबा माझ्याकडे बघून असे हसले नव्हते. आणि या बाईकडे, जिला ते तासाभरापूर्वी भेटले, तिच्याकडे बघून हसले होते. मी लॅपटॉप बंद केला. इतका हेवा मला कधी कुणाचा वाटला नव्हता. लिंबंवालीचा फोटो न्या, चाचांचा न्या, पण हा?

डिसेंबरात भराव पडला. उन्हाळ्यात आबा गेले, दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. तेव्हा शोधायला गेलं तर घरात आबांचा दुसरा धड फोटोच नव्हता. तोच मोठा करून भिंतीवर लावला.

शाळेतली मंडळी फ्लॅटवर भेटायला आली. मुख्याध्यापक फोटोसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "काय जिवंत फोटो आहे हो. कुणी काढला?"

"मी," मी म्हटलं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण ऐकणारं माणूस मिळालं आणि मला चेव आला. मी खळं सांगितलं, सकाळचा उजेड सांगितला, "मी त्यांना म्हटलं, आबा इकडे बघा, आणि त्यांनी नेमकं बघितलं," असंही सांगितलं. सांगताना माझा आवाज भरून आला, आणि ते नाटक नव्हतं. मग मान वळवली तर दारात बाई उभ्या होत्या, एक बूट काढून हातात, दुसरा अजून पायात.

मुख्याध्यापक म्हणाले, "ऐकलंत का बाई? आपल्या सरांनी काढलाय."

"हो तर," बाई म्हणाल्या. "सरांच्या कॅमेऱ्याला तोड नाही." आणि आत येऊन बायकोशेजारी बसल्या.

सगळे निघाले तरी त्या बसून राहिल्या. बायको चहाचे कप घेऊन आत गेली. मी म्हटलं, "बाई, मघाशी मी जे बोललो..."

"ते राहू द्या हो. फोटोवर काय नाव लिहिलेलं असतं?" त्या उठून फोटोजवळ गेल्या. "पण एक चुकीचं सांगितलंत. इकडे बघा म्हटलं आणि त्यांनी बघितलं, तसं झालं नाही. मी तीनदा म्हटलं. त्यांनी बघितलंच नाही."

"मग हसले ते? तुमच्याकडे बघूनच हसले ना?"

"माझ्याकडे?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं त्या शिष्यवृत्तीचा फॉर्म चुकवणाऱ्या मुलाकडे बघायच्या. "सर, मी खाली मांडी घालून बसले होते. माझ्याकडे बघायचं तर त्यांना मान खाली करावी लागली असती. नजर बघा की. वर आहे. माझ्या डोक्यावरून." मग म्हणाल्या, "माझ्या मागे तुम्ही उभे होतात."

मी फोटोकडे बघितलं. रोज बघत होतो, पण आता बघितलं. आबांची नजर खरंच कॅमेऱ्याच्या वरून जात होती, मागे उभ्या असलेल्या कुणाकडे तरी, ज्याची मान खाली होती. माझ्या बापाची नजर कुठे होती हेही मला या बाईंनी सांगावं लागलं, याचाही मला त्या क्षणी हेवा वाटला. मग रडू आलं. बाई आत जाऊन बायकोला कप विसळायला मदत करत बसल्या.

सोमवारी मी मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं की फोटो मी काढलेला नाही, बाईंनी काढलाय. ते वेतन-बिलांवर सह्या करत होते. "बरं, बरं," म्हणाले, "दार लावून घ्या."

बाई पुढच्या वर्षी निवृत्त झाल्या आणि भावाकडे राहायला कोकणात गेल्या. लूमच्या गल्लीतले चाचा अजून विचारतात, मॅडम कशा आहेत. मी सांगतो, बऱ्या आहेत. कधी कधी तिथे थांबून चहा घेतो.

परवा शेजारचे एक गृहस्थ घरी आले होते. बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "फोटो झकास आहे हो वडिलांचा. फक्त त्यांनी सरळ कॅमेऱ्यात बघायला हवं होतं."

मी म्हटलं, "बघितलं असतं त्यांनी. कॅमेरा माझ्या हातात असता तर."